चौकटीतली बाई कोण काढते?

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईवर चित्रकथा काढायची ठरवली, तर चित्रकाराला प्रसंगांची वाण पडणार नाही. गोदाकाठचे गाव, दमा आणि करुंड हे गरीब आईबाप, लहान वयातच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला ठेवलेली पोर. मग दळण, कांडण, सडा, पाणी, धुणे. मग प्रत्यक्ष विठ्ठल जात्याच्या खुंट्याला हात लावायला येतो, शेण वेचू लागतो, तिचे केस विंचरतो. पुढे देवाच्या गळ्यातले पदक चोरल्याचा आळ, सुळाची शिक्षा, आणि ऐन वेळी त्या सुळाचेच पाणी होते. अमेरिकेतल्या सुपरहिरोच्या कथेला जे जे लागते ते सगळे या आख्यायिकेत आहे : अनाथपण, अन्याय, अचाट शक्ती, शेवटच्या क्षणी सुटका.

तरीही दोन बाबतींत जनीची गोष्ट निराळी आहे. सुपरमॅन आपले रोजचे काम सोडतो, कपडे बदलतो आणि मग उडतो. जनीला जात्यापासून उठावे लागत नाही. देवच तिच्या कामाशी येऊन बसतो. दुसरी बाब त्याहून मोठी. जनीची गोष्ट जनीने स्वतः सांगितली आहे. तिच्या नावावर सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि त्यांच्या अखेरीस तिची नाममुद्रा आहे. शूद्र, दासी, बाई, आणि तरीही आपल्या नावाने सही करणारी. परभणी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट इतकी सवयीची असते की तिचे नवल वाटेनासे होते. सुपरहिरो कॉमिक्समधल्या बायकांकडे मी याच दोन प्रश्नांतून पाहतो. बाईचे काम तिथे दिसते का? आणि तिची गोष्ट कोणाच्या हातात आहे?

सुरुवात वंडर वूमनपासून करावी लागते. १९४१ साली 'ऑल स्टार कॉमिक्स'च्या आठव्या अंकात ती पहिल्यांदा आली. निर्माता विल्यम मोल्टन मार्स्टन, पेशाने मानसशास्त्रज्ञ. खोटे बोलताना रक्तदाब कसा बदलतो यावर त्याने काम केले होते. वंडर वूमनच्या हातातला खरे बोलायला लावणारा दोर आठवला की या कामाचीही आठवण होते. चित्रे एच. जी. पीटरची. मार्स्टनच्या घरी दोन स्त्रिया होत्या, पत्नी एलिझाबेथ आणि सहचरी ऑलिव्ह बर्न. ऑलिव्ह दोन्ही मनगटांत जाड कडी घालायची, तीच वंडर वूमनच्या मनगटांवर गोळ्या परतवणारी कडी झाली. या ऑलिव्हची आई एथेल बर्न आणि मावशी मार्गारेट सँगर. या दोघी बहिणींनी १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेतले पहिले संततिनियमन केंद्र उघडले. त्यासाठी एथेलला तुरुंगवास झाला आणि तिथे तिने उपोषण केले.

सँगरबाईंचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येतो. डिसेंबर १९३५ मध्ये त्या वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटल्या. कृत्रिम साधनांनी संततिनियमन करण्याच्या बाजूने त्यांनी वाद घातला, गांधीजी संयमाच्या आग्रहावरून हलले नाहीत. तोपर्यंत मुंबईत र. धों. कर्वे यांचे संततिनियमन केंद्र चौदा वर्षे चालू होते आणि 'समाजस्वास्थ्य' मासिकामुळे त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले होऊन गेले होते. स्त्रीच्या शरीरावर हक्क कोणाचा, हा वाद वर्ध्यात, मुंबईत आणि ब्रुकलिनमध्ये एकाच काळात चालला होता, आणि त्या वादातल्या एका घराण्यातून जगातली सर्वात प्रसिद्ध महानायिका निघाली. इतिहासकार जिल लेपोर यांनी २०१४ च्या पुस्तकात हे नाते उलगडले. वंडर वूमन वारंवार साखळ्यांनी जखडली जाते आणि त्या तोडते, ही चित्रे मताधिकार मागणाऱ्या स्त्रियांच्या व्यंगचित्रांतून आली, हेही त्यांनी दाखवले. अर्थात त्या साखळ्यांची मार्स्टनला स्वतःची वेगळी गोडीही होती. मुक्तीचे चित्र आणि पुरुषाच्या नजरेला सुखावणारे चित्र एकाच चौकटीत बसले होते. पुढच्या ऐंशी वर्षांतला सगळा तंटा या पहिल्याच पानांवर सुरू झालेला दिसतो.

१९४२ मध्ये 'जस्टिस सोसायटी' या महानायकांच्या मंडळात वंडर वूमनला घेतले गेले. पद कोणते मिळाले? सेक्रेटरीचे. पुरुष सदस्य मोहिमेवर निघाले की ती मागे राहून बैठकीचे कामकाज लिहून ठेवी. या गोष्टी मार्स्टन लिहीत नव्हता, दुसरा लेखक लिहीत होता. पात्र तेच, लेखणी बदलली आणि बाईचे बळ उतरले.

१९४४ पासून मार्स्टनच्या हाताखाली जॉय हमेल नावाची तरुणी वंडर वूमनच्या कथा लिहू लागली. ती त्या नायिकेची पहिली स्त्री लेखिका, पण छापील पानांवर तिचे नाव नव्हते. मार्स्टन १९४७ मध्ये वारला, त्यानंतर हमेलने काम सोडले. तिच्या कामाची जाहीर कदर होण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले, तेव्हा तिचे वय नव्वदीच्या पुढे गेले होते. जनीची सही तेराव्या-चौदाव्या शतकातून आपल्यापर्यंत पोचली, आणि विसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कमध्ये एका लेखिकेची सही अंकावर येऊ शकली नाही. याचे मला मनापासून दुःख होते.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत बायकांना कारखान्यांतून घरी पाठवले गेले. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्थॅम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना बिघडवतात असा आरोप करणारे पुस्तक लिहिले. वंडर वूमन मुलींसमोर वाईट आदर्श ठेवते असे त्याचे मत होते. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. स्त्रियांची शरीरे अतिशयोक्त काढू नयेत, हे त्यातले कलम चांगलेच होते. पण प्रेमकथांनी घर आणि विवाहाचे पावित्र्य ठसवावे असेही त्यात होते. वंडर वूमन लग्नाच्या विचारात गुंतू लागली. १९६८ मध्ये तर तिची शक्ती काढून घेतली गेली आणि तिला कपड्यांचे दुकान चालवायला बसवले.

तिला परत आणले ते स्त्री चळवळीने. जुलै १९७२ मध्ये ग्लोरिया स्टायनम आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी 'मिस्' मासिकाचा पहिला नियमित अंक काढला. मुखपृष्ठावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींपेक्षा उंच वंडर वूमन, आणि तिला राष्ट्राध्यक्ष करा अशी मागणी. पुढच्या वर्षी प्रकाशकाने तिची शक्ती परत दिली. हे १९७२ साल मराठवाड्यात दुसऱ्याच कारणाने लक्षात आहे. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडच्या बायका दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, डोक्यावर घमेली वाहून रस्ते आणि पाझर तलाव बांधत होत्या. तान्ही मुले झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. त्या बायकांचे चित्र कोणत्यातरी मुखपृष्ठावर यायला हवे होते. बळाची व्याख्या उंच टाचांच्या बुटांतली उडी एवढीच असेल, तर घमेले उचलणारी मान आणि पाठ तिच्यात येत नाही.

शरीराचा मुद्दा इथे थोडा रेंगाळून पाहायला हवा, कारण चित्रकथेत विचार शरीरातूनच व्यक्त होतो. सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकेत कॉमिक्स वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर मिळत. पुढे खास कॉमिक्सची दुकाने निघाली. तिथे जाणारा वाचक बहुतेक तरुण पुरुष. गिऱ्हाईक एकाच साच्याचे झाले तशी चित्रेही त्या साच्यात घुसली. नव्वदच्या दशकातल्या अंकांत नायिका लढताना पाहा : पाठीचा कणा असा पिळलेला की छाती आणि पार्श्वभाग एकाच वेळी वाचकाकडे यावेत. कंबर इतकी बारीक की आत आतडी कुठे मावतील असा प्रश्न पडावा. नायकाचे शरीरही अवास्तवच असते, हे उत्तर नेहमी दिले जाते. पण नायकाचे फुगवलेले स्नायू त्याची ताकद सांगतात. नायिकेचा बाक तिची उपलब्धता सांगतो. २०१२ च्या अखेरीस अनेक चित्रकारांनी हॉकआय या पुरुष नायकाला नेमक्या नायिकांच्या त्याच ढबीत काढण्याची मोहीम चालवली. ती चित्रे पाहिली की शंभर पानी युक्तिवादाची गरज उरत नाही. धनुष्य ताणायला उभा राहिलेला माणूस असा कधीच उभा राहणार नाही.

खरे काम करणारे शरीर कसे असते, याचा अभ्यास परभणीतच झाला आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात गृहविज्ञान शाखेने, जिला आता सामुदायिक विज्ञान म्हणतात, शेतात राबणाऱ्या बायकांच्या कष्टांचा शास्त्रीय अभ्यास केला. वाकून निंदताना, कापूस वेचताना, ओझे वाहताना शरीरावर किती ताण येतो हे पाहिले आणि तो कमी करणारी साधी साधने सुचवली. मानवत, सेलू, पाथरी या पट्ट्यात कापसाची वेचणी बायकाच करतात. कमरेला ओटी, डोक्याला रुमाल, बोंडाच्या टोकदार सालींनी ओरखडलेली बोटे. शक्तीचा आकार शोधणाऱ्या चित्रकाराने अशी वेचणी एकदा पाहावी.

शरीरानंतर मरण. १९९४ च्या 'ग्रीन लँटर्न'च्या एका अंकात काइल रेनर हा नायक घरी येतो तेव्हा खलनायकाने त्याच्या प्रेयसीला मारून फ्रीजमध्ये कोंबलेले असते. तिचे नाव अलेक्झांड्रा. ती या मालिकेत आली आणि थोड्याच अंकांत संपली. तिच्या मरणाचे काम एकच : नायकाला संताप यावा. १९९९ मध्ये गेल सिमोन या वाचक बाईने अशा नायिकांची यादी केली, ज्यांना मारले, अपंग केले किंवा ज्यांची शक्ती हिरावली. यादी लांबतच गेली. स्पायडरमॅनची ग्वेन १९७३ मध्येच पुलावरून पडून मेली होती. १९८८ मध्ये जोकरने बार्बरा गॉर्डनला, म्हणजे बॅटगर्लला, गोळी घालून कमरेखाली लुळी केले, आणि त्या कथेत तिच्या वेदनेला फारशी जागा नव्हती; ती वेदना तिच्या वडिलांना आणि बॅटमॅनला छळण्यासाठी होती. सिमोन तेव्हा केशकर्तनाचे काम करायची. तिचा प्रश्न इतका नेमका होता की पुढे तिला कॉमिक्स लिहायला मिळाली आणि काही वर्षांनी खुद्द वंडर वूमनची मालिका तिच्या हाती आली.

बार्बराचे पुढे काय झाले हे सांगायलाच हवे. लेखिका किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या दांपत्याला ती अशी टाकून दिलेली पाहवेना. १९८९ मध्ये त्यांनी तिला ओरॅकल म्हणून परत आणले : चाकाच्या खुर्चीत बसणारी, संगणकावर सारी माहिती गोळा करणारी, सगळ्या महानायकांना जिच्यावाचून चालत नाही अशी. अपंग वाचकांना तिच्यात आपले कोणी दिसले. शक्ती परत देण्याऐवजी तिच्या कामालाच शक्ती केले गेले. मला हा सगळ्या अमेरिकी सुपरहिरो कॉमिक्समधला सर्वात शहाणा निर्णय वाटतो.

आता आपल्याकडे. मराठी मुलांना महानायक भेटला तो इंद्रजाल कॉमिक्समधून. टाइम्स ऑफ इंडियाने ही मालिका मार्च १९६४ मध्ये सुरू केली आणि १९९० मध्ये ती बंद झाली. तिची मराठी आवृत्तीही निघे. त्यातल्या वेताळ या महानायकाची प्रेयसी डायना ही काही नुसती बाहुली नव्हती. लेखक ली फॉक याने तिला संयुक्त राष्ट्रांच्या कामावर जगभर फिरणारी बाई केले, आणि तिचे लग्नही तब्बल एकेचाळीस वर्षे लांबवले : वेताळची कथा १९३६ ची, लग्न १९७७ चे. तरीही अपहरण व्हायचे ते तिचेच, कवटीची गुहा आणि पिढीजात शपथ मात्र त्याची.

अमर चित्र कथेने दुसरा रस्ता घेतला. अनंत पै यांनी १९६७ मध्ये ही मालिका सुरू केली. राणी लक्ष्मीबाई, अहिल्याबाई होळकर, चाँदबिबी, राणी दुर्गावती, मीराबाई : खेड्यातल्या मुलीच्या हातात पराक्रमी स्त्रियांची इतकी चरित्रे याआधी कोणी ठेवली नव्हती, हे ऋण मान्य केले पाहिजे. पण या पराक्रमाला एक कुंपण होते. राणी तलवार हाती घेते ती नवऱ्याच्या मृत्यूनंतर किंवा मुलासाठी. पद्मिनीच्या अंकात जोहार हा आदर्शाच्या उजेडात येतो. शिवाय गोरी, सडपातळ, बारीक कमरेची नायिका आणि काळे दांडगे राक्षस, ही रंगांची वाटणी तर पानोपानी. नंदिनी चंद्रा आणि कार्लिन मॅक्लेन या अभ्यासकांनी या मालिकेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आहेत. प्रताप मुळीक यांच्यासारख्या मराठी चित्रकाराचा कुंचला अमर चित्र कथेत चालला आणि पुढे राज कॉमिक्सच्या सुरुवातीच्या नागराजमध्येही. राणी, संत आणि महानायक यांची चित्रभाषा एकाच हातातून गेली, म्हणून भारतीय महानायिका पोथीतल्या देवीसारखी दिसते यात आश्चर्य नाही.

राज कॉमिक्सची 'शक्ती' हे त्याचे ठळक उदाहरण. चंदा नावाची साधी बाई, पोटच्या मुली मारल्या गेल्याचे दुःख, त्यातून कालीचा आशीर्वाद आणि अन्यायाविरुद्ध उठणारी नायिका. ही कल्पना आमच्यापासून फार दूर नाही. गंगाखेडहून लोहमार्गाने पुढे गेले की परळी लागते, जिचे नाव २०१२ मध्ये गर्भलिंगनिदान आणि स्त्रीभ्रूणहत्येच्या प्रकरणात देशभर गेले. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या; परळी ज्यात येते त्या बीड जिल्ह्यात ८०७. इतक्या मुली जिथे जन्मण्याआधीच नाहीशा होतात, तिथे सूड घेणारी देवी वाचकाला हवीहवीशी वाटणे मी समजू शकतो. पण सोनोग्राफीच्या खोलीत ज्या सुनेला सासरचे घेऊन जातात तिला देवी व्हायला जमत नाही. तिला नकार देता यावा अशी परिस्थिती लागते.

'प्रियाज् शक्ती' या २०१४ च्या चित्रकथेने हाच प्रश्न पुढे नेला. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर राम देविनेनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. प्रिया ही अत्याचारातून गेलेली ग्रामीण मुलगी. घरचे तिलाच दोष देतात. पार्वतीच्या साहाय्याने ती वाघावर बसून परत येते आणि लोकांचे मन बदलायला निघते. मुंबईत तिची भित्तिचित्रे रंगवली गेली. मोबाइल समोर धरला की ती हलू लागत. पुढच्या भागांत ॲसिड हल्ला आणि मुलींची तस्करी हे विषय आले. प्रियाचे मोठेपण असे की तिच्यावरचा अत्याचार कोणा पुरुषाच्या सूडकथेचे इंधन होत नाही. फ्रीजमधल्या अलेक्झांड्राला मिळाले नाही ते प्रियाला मिळाले : स्वतःची पुढची गोष्ट.

लेखणी बदलली की काय होते, याचे सर्वात आनंददायी उदाहरण म्हणजे कमला खान. २०१४ मध्ये मार्व्हलने 'मिस् मार्व्हल' हे नाव जर्सी सिटीत राहणाऱ्या, पाकिस्तानी कुटुंबातल्या सोळा वर्षांच्या मुलीला दिले. संपादक सना अमानत, लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना. अंगात शक्ती आल्यावर कमला आधी सोनेरी केसांची, तोकड्या पोशाखातली जुनी मिस् मार्व्हल बनून पाहते. ते कपडे तिला टोचतात, अवघडवतात. मग ती पोहण्याच्या पूर्ण अंगभर पोशाखातून स्वतःचा गणवेश शिवते. अभ्यास, मशीद, आईचा धाक, उशिरा घरी आल्यावरची चौकशी, सगळे तिच्या जगण्यात राहते. २०१५ मध्ये या मालिकेच्या पहिल्या संग्रहाला ह्युगो पुरस्कार मिळाला. सातच्या आत घरात यायचे बजावून ठेवलेली परभणीची मुलगी ही मालिका वाचेल तर तिला परके काहीच वाटणार नाही.

मराठी घरातूनही अशी लेखणी निघाली आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि गोव्यात वाढलेल्या अमृता पाटील यांची 'कारी' २००८ मध्ये आली, आणि भारतातल्या पहिल्या स्त्री ग्राफिक कादंबरीकार म्हणून त्यांची ओळख झाली. पुढे 'आदि पर्व' आणि 'सौप्तिक' या ग्रंथांत त्यांनी महाभारत चितारले. त्यांच्या नद्या, राण्या, दासी कोणत्याही ढबीत उभ्या राहत नाहीत. विचार करताना माणूस जसा बसतो तशा बसतात. २०१७ मध्ये त्यांना नारी शक्ती पुरस्कार मिळाला. त्यांचे लेखन इंग्रजीत आहे. ते मराठीत आले तर आमच्या तालुक्याच्या वाचनालयांतही पोचेल.

आणि महाराष्ट्राला खरी महानायिका हवी असेल तर २०११ मध्ये 'नवयान'ने काढलेले 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' पाहावे. जोतीराव फुल्यांच्या 'गुलामगिरी'वर आधारलेल्या या पुस्तकाचे लेखन श्रीविद्या नटराजन यांचे, चित्रे अपराजिता निनन यांची, दोघी स्त्रिया. त्यात सावित्रीबाई आहेत. शाळेत जाताना अंगावर शेण-दगड झेलणाऱ्या, शाळेत पोचल्यावर लुगडे बदलून शिकवायला उभ्या राहणाऱ्या. त्याच वर्षी, त्याच प्रकाशनाचे 'भीमायन' आले. बाबासाहेब आंबेडकरांचे हे चरित्र दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी चितारले. दोघांनी पानावर चौकोनी चौकटी आखायला नकार दिला. माणसांना डब्यांत कोंडायचे नाही, त्यांना वावरायला मोकळी हवा हवी, ही त्यांची भूमिका होती. म्हणून 'भीमायन'मध्ये चौकटींच्या जागी गोंड घरांच्या भिंतींवर काढतात ती 'दिग्णा' नावाची वळणदार नक्षी आहे आणि पानावरची माणसे तिच्या आतबाहेर ये-जा करतात. दुर्गाबाईंनी चित्र काढायला सुरुवात केली ती लहानपणी, आईकडून शिकून, शेणाने सारवलेल्या भिंतींवर. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.